कर्णिकांनी रिकामा केलेला ग्लास

काशिमीऱ्याच्या पुढं, घोडबंदरच्या रस्त्याला बिअरचा एक कारखाना होता आणि गुणवंत कर्णिक तिथं बिअर चाखायच्या कामाला होते. भाईंदर पूर्वेला खारी गावाच्या अंगाला त्यांची बिल्डिंग. तिथल्या पुरुषमंडळींना या नोकरीचा पत्ता लागला, तेव्हा हलवायाच्या मुलाकडे वर्गातली मुलं पाहतात तसे ते कर्णिकांकडे पाहायला लागले. "काय नशीब काढलंत हो," असं म्हणत दोघातिघांनी, बायको आसपास नाही हे बघून, एखादी जागा निघाली तर आमचंही नाव लक्षात असू द्या, असं सुचवूनही ठेवलं होतं.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. कर्णिकांची ही चैन सकाळी अकरा वाजता चालायची, पांढऱ्या टाइल्सच्या, खिडकी नसलेल्या एका खोलीत. वर लाल बल्ब, कारण रंग दिसला की डोळे जिभेच्या आधी बोलायला लागतात. बिअर कोमट व्हायला आलेली, कारण थंडगार बिअरमध्ये दोष लपून बसतात. सोबत शेंगदाणे नाहीत, गप्पा नाहीत. वाईन चाखणारे थुंकतात म्हणे, इथं तीही सोय नव्हती. कडूपणा घशाशी कळतो, तेव्हा गिळायलाच हवं. प्रत्येक ग्लासातून दोन घोट, मग पाणी, मग कोरड्या पावाचा तुकडा, मग पुढचा ग्लास. हे वर्षानुवर्षं केलेल्या माणसाला बिअरची हौस उरली असेल असं ज्याला वाटतं, त्यानं मिठाईच्या दुकानातल्या कारागिराला एकदा पेढ्याचा आग्रह करून पाहावा.

खोलीत बोलायचं नाही असा नियम होता. निकाल पाटीवर द्यायचा. कागदाला वास असतो, शाईला तर असतोच, म्हणून प्रत्येकासमोर शाळेतली काळी पाटी आणि पेन्सिल. दोष सापडला तर तो पाटीवर लिहायचा. सापडला नाही तर पाटी कोरी ठेवायची. कोरी पाटी म्हणजे पास. ही पद्धत कर्णिकांचे गुरू वागळे यांनी बसवलेली. कर्णिक नवे असताना वागळ्यांनी त्यांना बजावलं होतं, "आपण पाहुणे नाही, पोलीस आहोत. चोर सापडला तर सांगायचं, नाही सापडला तर गप्प बसायचं. साव माणसाचं कौतुक करायला कुणी पोलीस ठेवत नाही." 'आवडली' हा शब्द तर त्या खोलीत शिवीसारखा. ज्याच्या तोंडून तो निघे त्याला वागळे त्या दिवसापुरतं बाहेर काढत. वागळे रिटायर झाले, पुढं वारलेही, पण त्यांचा नियम मेला नाही. कर्णिकांनी तो जिवंत ठेवला.

दोष मात्र त्यांना कितीही सांगता येत. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला म्हणजे बिअरला हवा लागली. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळ कमी पडली. लोण्यासारखी बुळबुळ लागली तर यीस्टचं काम अर्धवट राहिलं. बाटलीला ऊन लागलं असेल तर ते कर्णिकांना झाकण उघडता उघडता कळायचं. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे कडू रेंगाळणं. घोट गिळल्यावर कडू यावा, नमस्कार करावा आणि निघून जावा. तो बसून राहिला की बिअर नापास, मग बाकी ती कितीही गुणी असो.

मंगळवार आणि शुक्रवार हे पॅनलचे, म्हणजे चाखणाऱ्यांनी एकत्र बसायचे, वार. त्या दिवशी घरून निघताना कांदा नाही, लसूण नाही, फोडणी नाही, डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही. मासे तर आदल्या रात्रीपासून बंद. कायस्थाच्या घरात मासे बंद करणं म्हणजे देव्हाऱ्याला कुलूप घालणं. पण सुलूताई, म्हणजे कर्णिकांच्या पत्नी, हेही निभावत आल्या होत्या. सकाळी मऊ भात आणि वर तूप. "माझ्या सासूबाई चतुर्थीचा उपास करायच्या, हे बिअरचा करतात," असं त्या म्हणायच्या. शेजारच्या हंसाबेनना खरं कारण माहीत नव्हतं. मंगळवारी गणपती आणि शुक्रवारी संतोषीमाता, एवढा धार्मिक माणूस आपल्या मजल्यावर राहतो याचं त्यांना केवढं कौतुक.

घरी तरी जिभेला सुट्टी असावी, तर तेही नव्हतं. भाईंदरमध्ये तेव्हा पाण्याचे हाल होते. नळाला एक दिवस पाणी, दोन दिवस टँकर, आणि टँकर कुठून भरून आला ते देवाला ठाऊक. आजूबाजूला सगळी मिठागरं, बोअरचं पाणी मचूळ. एकदा कर्णिकांनी चहाचा घोट घेऊन "आज खाडीकडच्या विहिरीचा टँकर आलाय" असं सहज म्हटलं आणि ते खरं निघालं. झालं. तेव्हापासून टँकर आला की हंसाबेन पेला घेऊन दारात. "गुणवंतभाई, जरा चखके बोलो ना, पीने का है के सिर्फ वापरने का?" रविवारी सकाळी सुद्धा. कर्णिक बनियनवर दारात उभे राहून घोट घ्यायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वापरने का." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत.

पन्नाशी उलटल्यावर हे सगळं त्यांना फार जड व्हायला लागलं. अंग थकलं नव्हतं, तोंड थकलं होतं. जिभेवर काहीही आलं की ती आपोआप चोर शोधायला निघायची. सुलूताईंनी कौतुकानं काही केलं तर "हळद कच्ची राहिली," "नारळ जरा जुना वाटतो," हे त्यांच्या तोंडून निघून जायचं. ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच तेवढंच जाणवायचं. काही चुकलं नसेल तर ते गप्प जेवायचे. त्यांच्या लेखी ती कोरी पाटी, म्हणजे पहिला नंबर. पण घरच्या माणसाला ते कसं कळावं? सुलूताईंनी लग्नानंतर काही वर्षं "कसं झालंय?" असं विचारलं, मग विचारायचं सोडलं. भांडण न होता एक गोष्ट संपली.

अशा दिवसांत कारखान्यात प्रीतम आला. उत्तनच्या बाजूला चौक गाव आहे, तिथल्या कोळ्याचा मुलगा. बाप धर्मा होडीवर, आई कमळाबाई मासळी विकणारी, आणि हा बीएस्सी करून कारखान्याच्या लॅबमध्ये लागला. तिशीच्या आतला, बारीक अंगाचा, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणारा. लॅबमध्ये जुनी परदेशी मासिकं पडलेली असायची. त्यातल्या एकात त्यानं वाचलं, की फार पूर्वी विलायतेहून हिंदुस्थानात जहाजानं बिअर यायची. प्रवासात ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स नावाची कडू फुलं भरपूर घालत. तिला नाव पडलं इंडिया पेल एल. नाव आपल्या देशाचं आणि आपल्याकडे ती कुणी बनवत नाही, हे प्रीतमच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मॅनेजर दस्तूर साहेबांच्या मागं तो हात धुऊन लागला. ते साल पंच्याण्णव. बाहेरच्या कंपन्या येणार, नवीन काहीतरी हवं, अशी वरून टोचणी होतीच. तळघरात चाचणीसाठी आणलेली एक छोटी टाकी रिकामी पडली होती. दस्तूर म्हणाले, "एक बॅच कर. पॅनलनी पास केली तर टाकी तुझी, तू त्याच्यावर नवा नवा काम कर. नापास झाली तर टाकी काढून टाकणार, जागा पायजे मला. आणि तुला बॉटलिंगवर पाठवणार, माणूस कमी आहे तिथं." बॉटलिंग म्हणजे दिवसभर पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या उजेडात धरून कचरा बघणं. बीएस्सी केलेल्या पोराला ती काळ्या पाण्याची शिक्षा होती, आणि तिथं गेलेला परत लॅबमध्ये आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

प्रीतमनं ती बॅच तान्ह्या मुलासारखी सांभाळली. सुट्टीच्या दिवशीही तो टाकीचं तापमान बघायला यायचा. पॅनलच्या आधीच्या रविवारी तो कर्णिकांच्या घरी आला, आईनं दिलेले ताजे बोंबील घेऊन. सुलूताईंना आनंद झाला. चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली.

"काका, टाकीतून थोडी काढून तीनचार बाटल्या भरल्यात. एकदा चाखता का?"

"पॅनलच्या आधी नाही," कर्णिक म्हणाले.

"फक्त सांगा, बरोबर वाटेवर आहे का. चुकलं असेल तर अजून दोन दिवस आहेत."

"प्रीतम, मी आज चाखली आणि मंगळवारी पुन्हा चाखली, तर मंगळवारी मी तुझ्या बाजूचा झालो. ते नको."

प्रीतमनं बाटली पुन्हा गुंडाळली. थोड्या वेळानं म्हणाला, "कडू आहे ती. मुद्दाम कडू आहे. तुम्हाला कडू आवडतं का, काका?"

 सुलूताई बोंबील साफ करता करता आतून म्हणाल्या, "अरे, यांना काय आवडतं ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर मला सांग."

तिघंही हसले. कर्णिक प्रीतमला जिन्यापर्यंत सोडून आले. पोरगा चांगला आहे, त्याचं भलं व्हावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्याचीच धास्ती वाटत होती. पोलिसाला माया लागली की तपास बिघडतो.

मंगळवारी अकराला चौघं खोलीत बसले. कर्णिक, लॅबमधल्या नीलम शहा, तळघराचा फोरमन राघो आणि पॅकिंगचा एक जण. नीलमबेनच्या सासरी अजून अशी समजूत होती, की त्या सोडावॉटरच्या कारखान्यात काम करतात. राघोचं नाक चांगलं होतं, पण स्वतःवर भरवसा कमी. खरं सांगायचं तर तिघांचाही भरवसा स्वतःपेक्षा कर्णिकांवर जास्त होता. एकमेकांच्या पाट्या बघायच्या नाहीत असा नियम होता, पण कर्णिकांचा ग्लास बघायचा नाही असा नव्हता. सगळ्यांना अनुभवानं ठाऊक झालेलं, की कर्णिक दोन घोटांत ग्लास खाली ठेवतात तेव्हा बिअर बरी असते. तिसरा घोट घेतला म्हणजे त्यांना कसला तरी संशय आला. चौथा घेतला की समजावं, मेली ती बॅच. अशा वेळी राघो मनाशी काही न ठरवता पाटीवर जमेल तो दोष लिहून मोकळा व्हायचा. कर्णिकांना याचा पत्ता नव्हता. दस्तूर साहेब स्वतः चाखत नसत, त्यांना डायबेटीस. ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि पाट्या वाचायचे.

आधी नेहमीच्या दोन बॅच झाल्या. दोन घोट, पाणी, पाव. मग प्रीतमची बिअर आली. बनवणाऱ्यानं खोलीत थांबायचं नसतं, तो बाहेर उभा होता.

कर्णिकांनी ग्लास नाकाशी नेला आणि सवयीनं चोर शोधायला सुरुवात केली. पुठ्ठा नाही. मका नाही. लोणी नाही. त्या जागी काहीतरी वेगळंच आलं, संत्र्याची साल नखानं सोलताना उडतं तसं. त्यामागं कडुलिंबाचा मोहर. त्यांनी घोट घेतला. आधी भाजक्या धान्याची गोडी आली, पाठोपाठ कडू. तो कडू नमस्कार करून निघून गेला नाही. तो बसला, ऐसपैस बसला, आणि त्याच्या बसण्यानं तोंड मळलं नाही, उलट धुतल्यासारखं झालं. तोंडात पाणी सुटलं. दुसरा घोट पहिल्यासारखाच असेल असं वाटलं होतं, तो तसा नव्हता. पपनस, ओलं गवत, मग पुन्हा तोच स्वच्छ कडू. त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग आणखी एक.

पाण्याचा पेला उचलायला ते वळले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हातातला ग्लास रिकामा आहे.

या खोलीत त्यांनी आजवर एकही ग्लास संपवला नव्हता. त्यांना आधी कळेचना की बिअर गेली कुठं. मग कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चोर पकडायला गेलेला हवालदार चोराच्या घरी जेवून आला होता. आनंद झाला होता हे त्यांना उमगलं, पण त्या आनंदाला उभं राहायला या खोलीत जागा नव्हती. समोर पाटी होती. पाटीवर दोष लिहायचा, किंवा काही लिहायचं नाही.

काही लिहिलं नाही तर बिअर पास. पण कडू रेंगाळत होता. हे खोटं नव्हतं. आत्ता या क्षणीही तो जिभेवर होता. जो दोष आजवर शेकडो ग्लासांत पकडला, तो आज स्वतःला बरा वाटला म्हणून सोडायचा? रविवारी बोंबील आणणाऱ्या पोराचा म्हणून सोडायचा? त्यांना स्वतःचाच संशय आला. आपल्याला चांगलं वाटतंय म्हणजे नक्कीच आपलं काहीतरी चुकतंय, असं त्यांना वाटलं. माणसानं आयुष्यभर एकच काम केलं, की ते काम शेवटी त्याच्याकडून असली कामं करून घेतं. त्यांनी पेन्सिल उचलली आणि लिहिलं, 'कडू रेंगाळतो.'

पाट्या उलटल्या. नीलमबेननी लिहिलं होतं, 'फार कडू.' राघोनं, 'कडू, आणि कसला तरी वास.' पॅकिंगवाल्यानंही कडूच. दस्तूर साहेबांनी चारही पाट्या वाचल्या आणि चष्मा काढला.

"कर्णिक, अजून काय बोलायचं तुला?"

 दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर प्रीतमच्या चपला दिसत होत्या. कर्णिकांच्या घशापर्यंत तो शब्द आला. पण जो शब्द त्या खोलीत कधी उच्चारला नाही, तो तोंडाला वळेना.

"नाही साहेब," ते म्हणाले. "लिहिलंय ते बरोबर आहे."

जेवणाच्या सुट्टीत राघो त्यांच्या शेजारी येऊन बसला. "काय होतं हो त्यात, कर्णिकसाहेब?" त्यानं हळूच विचारलं. "मला तर वाईट लागली नव्हती. म्हटलं पाटी कोरी ठेवावी. पण तुम्ही घोटावर घोट घ्यायला लागलात, ग्लास पार कोरडा केलात. म्हटलं बाबा, एवढं खोल जाऊन शोधतायत म्हणजे आत काहीतरी भयंकर असणार. मग लिहिलं आपलं."

नीलमबेन पलीकडून म्हणाल्या, "मी पण तेच बघून लिहिलं."

कर्णिकांनी हातातली पोळी डब्यात ठेवली. चारांपैकी दोन पाट्या कोऱ्या राहिल्या असत्या तर दस्तूर साहेबांनी पुन्हा चाखायला लावलं असतं, तसा रिवाज होता. या माणसांना बिअर वाईट लागली नव्हती. कर्णिकांना तर आवडली होती. आणि कर्णिकांना ती इतकी आवडली, एवढ्याच कारणानं ती नापास झाली होती.

ते उठून तडक दस्तूर साहेबांकडे गेले. बॅच पुन्हा लावा, माझं चुकलं, असं म्हणाले. दस्तूरांनी मान वर केली. कर्णिकांनी आजवर कधी पाटीवरचा निकाल फिरवला नव्हता.

"चुकलं म्हणजे? कडू राहत नव्हता?"

"राहत होता."

"मग चुकलं काय?"

 याचं उत्तर दिलं असतं तरी उपयोग नव्हता. दस्तूरांनी जेवणाआधीच तळघरात फोन केला होता. खाली टाकीचा व्हॉल्व्ह उघडला होता आणि गटाराशी पांढरा फेस साचला होता. कर्णिक जिन्यात उभे राहिले तर तिथपर्यंत संत्र्याच्या सालीचा वास येत होता. शुक्रवारी प्रीतम बॉटलिंगवर गेला. पॅनलहून परतताना कर्णिकांना तो काचेमागं दिसला, डोक्याला टोपी, नजर सरकणाऱ्या बाटल्यांवर. त्यानं वर पाहून नेहमीसारखा हात केला. त्यात राग नव्हता, आणि तेच कर्णिकांना सोसलं नाही.

रविवारी जेवण आटोपून ते भाईंदर पश्चिमेला गेले आणि चौकच्या बसमध्ये बसले. डोंगरीच्या पुढं वारा सुरू झाला, खारट आणि ओला. बसमध्ये त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. साधंच वाक्य होतं, पण त्यांना ते पाठ करावं लागलं.

प्रीतमच्या घरापुढं बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. कमळाबाईंनी ओळख सांगताच खुर्ची पुसून दिली. "या साहेब, बसा. पोरगा सारखा तुमचाच नाव घेतो," त्या म्हणाल्या. "आठवडाभर जेवला न्हाय नीट. मी म्हनला, आरं, कर्णिक साहेबांनी सांगितला का वाईट हाय, तर वाईटच आसंल. जीभ हाय का चेष्टा हाय त्यांची." त्या आत चहा ठेवायला गेल्या. प्रीतम बाहेर आला, कर्णिकांना पाहून गडबडला आणि समोर ओट्यावर बसला.

कर्णिकांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "प्रीतम," ते म्हणाले, "तुझी बिअर चांगली होती. मला आवडली."

 प्रीतम खाली बघत म्हणाला, "काका, कडू रेंगाळत होताच की."

"होता. रेंगाळायलाच हवा होता."

"मी घरी आणलेल्या बाटल्या होत्या ना, त्यातली एक त्या रात्री उघडली. आधी मला त्यात काय काय लागायचं. तुम्ही लिहिलंत आणि मग फक्त कडूच लागला. दुसरं काही येईचना. म्हटलं, एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी कळली नाही. बाकीच्या ओतून टाकल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

 टाकी गेली, नोकरी बदलली, ते एक वेळ परतवता आलं असतं. या पोराच्या तोंडातली चवच कर्णिकांनी काढून घेतली होती.

"अरे, मी ग्लास संपवला तो तपासायला नाही रे," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी पीत होतो. मला कळलंच नाही कधी संपला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. देवाशप्पथ सांगतो, मला आवडली."

प्रीतमनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो हसला. त्यात इतकी माया होती की कर्णिकांना नजर वळवावी लागली.

"काका, मला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलात," तो म्हणाला. "पण तुम्ही असं बोलू नका. तुम्ही असं कधी कुणाला बोलत नाही. राघोभाऊ म्हणतो, तुम्ही चुकलं असेल तर सांगता आणि नसेल तर गप्प राहता. मी तेच बघून शिकलो."

कमळाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप हातात देत त्या मुलाला म्हणाल्या, "बघ रं, किती मोठा मानूस. तुज्यासाटी खोटा बोलतो हाय."

कर्णिकांनी एकदा दोघांकडे पाहिलं.  दोष दाखवायचा असता तर त्यांच्याकडे शब्द होते, आणि त्या शब्दांवर या घरातल्या कुणीही शंका घेतली नसती. त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, पण या वेळी अगदी हळू.

"बरं काका," प्रीतम म्हणाला, म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी तसा, आणि चहा निवतोय म्हणून त्यांना आठवण करून दिली.